पावरलूमची कॅसेट

दादानं कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तिले ऐकव. दुसऱ्या बाजूचं शेवटचं तर नक्की ऐकव. ऐकलं की येते ती." मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. बायको माहेरी जाऊन बसलेली, आणायला स्वतः जायचं सोडून हा माणूस कॅसेट पाठवतो. आणि कॅसेट तरी कसली, तर आमच्याच घरातल्या पावरलूमच्या खडखडाटाची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण आईनं सकाळपासून माझ्यामागे लकडा लावला होता, की तो काही जात नाही, तू तरी सावनेरले जा, आज तिले घेऊनच ये, लोक विचारून राहिले. म्हणून मी कॅसेट पिशवीत टाकली आणि निघालो.

हे ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतलं. दादाच्या त्या कॅसेटबद्दल मला आजही धड काही सांगता येत नाही. ते गाणं होतं की नुसता गोंगाट, चांगलं होतं की भैताडपणा, देव जाणे. पण जे झालं ते सांगता येतं, आणि त्यासाठी आधी आमचं घर सांगावं लागेल.

आम्ही विणकर. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. वडिलांनी हातमाग काढून पावरलूम बसवले आणि वडील गेल्यावर ते आम्हा दोघा भावांच्या गळ्यात आले. खाली लूम, वर आम्ही. ज्यानं पावरलूम ऐकला नाही त्याला काय सांगावं! आडवं सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो आणि दर फेकीला ठोका बसतो. असे चार लूम एकदम सुरू झाले की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. त्यामुळं आम्ही एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचायचो. चहा झाला, सूत तुटलं, पाहुणे आले, सगळं ओठांनी. भांडण मात्र ओठांनी होत नाही, त्यात जीव येत नाही. म्हणून आमच्याकडं भांडणं वीज गेल्यावर व्हायची. वीज गेली, लूम थांबले, की आई पायरीवर येऊन सकाळपासूनचं साठलेलं बाहेर काढायची. मग वीज यायची आणि सगळे भांडण अर्ध्यावर टाकून कामाला लागायचे. आमची कितीतरी भांडणं अशीच अर्धी राहून जिरून गेली.

दादा दिवसा लूम चालवायचा आणि लग्नसराईत, गणपतीत, शारदोत्सवात आर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. हात चांगला होता त्याचा. सगळी सिनेमाची गाणी, लोक शिट्ट्या मारायचे, कोणी स्टेजवर येऊन हार घालायचं. ठीक चाललं होतं. तेवढ्यात त्याच्या एका दोस्तानं मुंबईहून एक विलायती कॅसेट आणली. तिच्यावर नाव नाही, गाव नाही. त्यात काही पोट्टे लोखंडी पत्रे बडवत होते, मागे कसलंसं यंत्र धडधडत होतं, गिटार करवतीसारखी चालत होती आणि मधूनमधून एकजण घसा फाटेपर्यंत ओरडत होता.

मी म्हटलं, "याले गाणं म्हनतात?"

"थांब ना गा. पुन्हा ऐक."

पुन्हा ऐकलं. तेच. दादा मात्र असा बसला होता की जणू त्याला कोणीतरी त्याच्या नावानं हाक मारली. मग म्हणाला, "आपल्याजवळ हे फोकटात हाय, आन् आपल्याले ठाऊकच नाही."

तिथून त्याचं डोकं फिरलं. मंडपवाल्याकडून त्यानं माईक मागून आणला, मिक्सर आणला, कानाला लावायचे ते मोठे हेडफोन आणले. जुन्या लुगड्याच्या काठानं माईक लूमच्या सांगाड्याला बांधला. इतवारीच्या यार्डात जाऊन मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटतानाचा आवाज भरून आणला. मिलचा भोंगा भरला. गिटारची वायर एका जुन्या रेडिओला जोडली, त्यातून ती फाटक्या आवाजात निघायला लागली. मी म्हटलं, दादा, रेडिओ बिघडला. तो म्हणाला, बिघडलेलाच पाहिजे. आता अशा माणसाशी काय बोलणार? जो आवाज बंद व्हावा म्हणून आम्ही विजेला नवस बोलायचो, तो हा जपून जपून कॅसेटमध्ये भरत होता. एक गोष्ट मात्र कबूल करतो. एकदा त्यानं लूमच्या ठोक्यावर गिटार चढवून ऐकवली आणि माझा पाय आपोआप हलायला लागला. मला माझाच राग आला.

याच दिवसांत वहिनीचं ते झालं.

वहिनी सावनेरची, तिचे वडील तिकडं कोळशाच्या खाणीत. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमची ओठांची बोली काही येईना, सगळ्यांना दोन-दोनदा विचारायची आणि सगळे हसायचे. तिचं काम कांड्या भरायचं. धोट्याच्या पोटात जी सुताची कांडी बसते ती भरायचं एक छोटं मशीन लूमच्या मागच्या कोपऱ्यात होतं. त्याच्यासमोर ती भिंतीकडं तोंड करून बसायची. म्हणजे तिचे ओठ आम्हाला दिसत नव्हते आणि आमचे तिला.

दिवाळीच्या जरा आधी तिचं पोटातलं गेलं, तिसऱ्या महिन्यात. पहिलंच होतं. दवाखान्यातून आणलं, आईनं शेक-पाणी केलं, काही दिवस वर निजवून ठेवलं, आणि मग वहिनी उठून पुन्हा कांड्या भरायला बसली. कोणी काही बोललं नाही. वाईट वाटत नव्हतं असं नाही, आई तर देवापाशी बसून रडली. पण वहिनीशी काय बोलावं हेच कोणाला समजत नव्हतं, आणि खाली लूमपाशी बोलायची सोयही नव्हती. दादा तर हेडफोन लावून सुताच्या गठ्ठ्यांमागे बसलेला असायचा. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि वहिनी चार दिवस म्हणून सावनेरला गेली. ते चार दिवस काही संपेनात.

इकडं कॅसेट तयार झाली. सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानदारानं तिच्या नकला काढून काउंटरवर मांडल्या. कोणी हात लावीना. एकानं घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली, की भाऊ, तुमची मशीन खराब आहे, गाण्याऐवजी मोटारीचाच आवाज आला. दुकानदारानं ते दादाला हसत हसत सांगितलं. दादा हसला नाही. घरी येऊन म्हणाला, "जिच्यासाठी हाय तिनं ऐकलं म्हंजे झालं." मला वाटलं, चिडून काहीतरी बोलतोय.

मी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या शेवटी लूमचा आवाज मिक्सरवर मंद मंद होत जातो आणि नुसतं कांडी मशीन उरतं, त्याचं घूंऽऽ, आणि वर गिटारची एकच तार. त्यात मधून मधून एक बारीक चिरका आवाज येतो, थांबतो, परत येतो. मला वाटलं, मशीनची फिरणारी चाती कोरडी पडली. मी खाली जाऊन तिला तेल घालून आलो.

तर मी सावनेरला पोचलो. वहिनीच्या वडिलांची खाणीतली पाळी सुटलेली होती, ते अंगणात खाटेवर बसले होते. पाणी दिलं, चहा दिला, बोलता बोलता जेवायचं झालं. वहिनीनं पाटोडीचा रस्सा केला होता. जेवण होईपर्यंत मी मुख्य विषयाला हात घातला नाही. मग हात धुऊन म्हटलं, "वहिनी, चला आता घरी. आई वाट पाहून राहिली."

मला वाटलं होतं रडारड होईल, बोलणी खावी लागतील. तसं काही झालं नाही. वहिनी म्हणाली, "येते ना. दुपारच्या गाडीनं निघू." तिच्या वडिलांनी मान हलवली. ती आत गेली, ट्रंक उघडून लुगडी पिशवीत भरायला लागली. काम झालं होतं. मी तिथं गप्प बसायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. पण दादानं बजावून सांगितलेलं, आणि मी म्हटलं, "दादानं कॅसेट पाठवली. तुमाले ऐकव म्हणे."

तिचा चेहरा एकदम खुलला. लग्नाच्या दोन वर्षांत दादानं तिच्यासाठी काही पाठवल्याचं मी पाहिलं नव्हतं. "माह्यासाठी?" असं तिनं विचारलं आणि वडिलांचा टेपरेकॉर्डर पुसून आणला.

पहिली बाजू लावली. भोंगा झाला, मालगाडी आपटली, लूम सुरू झाले. वडील खाटेवरून उठून जवळ आले. "पट्टी अडकली वाटते," म्हणाले. कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीनं पट्टी सारखी केली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. म्हटलं, असंच आहे ते मामाजी. ते तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत बसले. वहिनी मात्र हसत होती. "हे आपलंच घर हाय ना, भाऊजी? हा तुमचा लूम, हा त्यायचा." खरंच तिनं बरोबर ओळखलं होतं. एकीकडं ऐकत होती, एकीकडं लुगड्यांच्या घड्या घालत होती.

मी दुसरी बाजू लावली. शेवट आला. लूम मंद झाले, कांडी मशीन घुमायला लागलं, तार वाजली. तो चिरका आवाज आला.

वहिनीचे हात थांबले.

"मागं घ्या बरं," ती म्हणाली. मी मागे घेतलं. परत आला. तिनं तिसऱ्यांदा ऐकलं, टेपरेकॉर्डरला कान लावून.

मी आपला म्हणालो, "चाती कोरडी झाली होती वहिनी. मी तेल घातलं नंतर."

"ते मशीन नाही, भाऊजी. ते मी हाय."

मला काही समजेना. मी वडिलांकडं बघितलं, तर ते उठून अंगणात निघून गेले होते. बापाला माझ्याआधी समजलं होतं. मग वहिनीच बोलली, अगदी हळू, जसं भाजीत किती मीठ घातलं ते सांगावं तसं. "लूम चालू असले की मी रडत जाओ. आईच म्हणाल्या होत्या, रडायचं असन तर खाली रडत जा, वर लोकाईले ऐकू येते. त्याबी तशाच रडल्या म्हणे, सासरे गेले तेव्हा. मले वाटलं, लूममधी कोणाले ऐकू येते!"

खरं होतं ते. आमच्या आळीतल्या सगळ्या बाया लूम चालू असतानाच रडायच्या. मी इतकी वर्षं त्या खडखडाटात राहिलो आणि हे मला त्या दिवशी सावनेरमध्ये समजलं.

"हे भरताना त्यायच्या कानाले ते डबे होते ना?" वहिनीनं विचारलं.

"हेडफोन. हाव."

"मंग त्यायले ऐकू येत होतं." तिनं टेपरेकॉर्डर बंद केला. "ऐकू आलं तर उठले काहून नाही? मी दोन हातांवर तर बसली होती."

मी म्हटलं, त्यालाही कदाचित मशीनच वाटलं असेल. ती म्हणाली, तुम्ही त्यांना विचारून या. काय म्हणतात ते मला जसंच्या तसं सांगा, मग मी ठरवते. भरलेली पिशवी तिनं रिकामी केली नाही, नुसती भिंतीला टेकवून ठेवली. मी एकटाच परत आलो. आई दारातच उभी होती, तिला म्हटलं, उद्या येते. आणि मनात दादाला शिव्या घातल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं होऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूम सुरू झाले. दादा त्याच्या लूमवर, मी माझ्या. मला काही वीज जायची वाट बघवेना. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ओठांनी विचारलं, "ते रडणं वहिनीचं हाय. तुले ठाऊक होतं?"

त्यानं मान हलवली. हो.

त्याला मशीन वाटलं असेल, तो खुळा असेल, बहिरा असेल, असं काहीतरी होऊ दे असं मला रस्ताभर वाटत होतं. मी विचारलं, "मंग उठला काहून नाही?"

त्यानं ओठ हलवले. मी वाचलं ते मला खरं वाटेना. पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तेवढ्यात एक सूत तुटलं आणि तो ते जोडायला वाकला. मी जाऊन मेन स्विचच बंद केला. सगळे लूम थांबले. आई वरून ओरडली, लाईट गेली का?

"आता तोंडानं सांग," मी म्हणालो.

"टेप चालू होती," दादा म्हणाला.

त्यालाही वाटलं असावं की एवढ्यानं भागत नाही, मग तो बोलायला लागला. आधी त्याला समजलंच नव्हतं. मग समजलं. उठावं असं मनात आलं. पण उठला असता तर ती गप्प झाली असती, तोंड पुसून कांड्या भरायला लागली असती, आणि ते कोणी ऐकलं होतं हे कधी कोणाला समजलंच नसतं. "मले बोलता येत नाही ना गा," तो म्हणाला. "म्हणून ठेवलं ते. शेवटी ठेवलं. तिनं ऐकावं, तिले समजावं, की मी तिथं होतो. सगळं ऐकलं मी." त्याचे डोळे भरून आले होते. आर्केस्ट्रात हार घालून घेणारा माझा दादा सुताच्या गठ्ठ्याला धरून उभा होता. "तिले आवडलं का?" त्यानं विचारलं.

मला त्याला दोन ठेवून द्याव्या असं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हींपैकी काही केलं नाही. स्विच चालू केला आणि बसस्टँडवर गेलो.

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती. पिशवी अजून भिंतीलाच होती. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. दादा रडला हेही सांगितलं, वाटलं, त्यानं काही फायदा होईल. तिनं ऐकून घेतलं. सुपातले खडे बाजूला काढत राहिली.

"खोटं तं नाही बोलले," ती म्हणाली.

"नाही वहिनी. खोटं नाही बोलत तो."

"मलेच सांगायचं होतं तर मलेच सांगायचं असतं ना, भाऊजी. दुकानात काहून ठेवलं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादाच्याही आलं नसेल. तिचं रडणं सीताबर्डीच्या काउंटरवर विकायला ठेवलं होतं, आणि कोणी घेतलं नाही म्हणून तो रुसून घरी आला होता. मी म्हटलं, मी सगळ्या कॅसेटी परत आणतो, जाळून टाकतो, तुम्ही चला.

"काहून जाळता? मेहनत हाय त्यायची." ती उठली, पिशवीतली लुगडी एक एक करून ट्रंकेत ठेवली आणि पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. ती आमच्या घरची होती. "आईले सांगा, माही वाट नका पाहू."

तिच्या वडिलांनी एका शब्दानंही तिला अडवलं नाही. मला वाटलं ते तरी काही म्हणतील. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मंग ती कॅसेट द्या. दादा विचारीन."

"ती नाही देत," वहिनी म्हणाली. "दोन वर्षांत माहं एवढंच एक ऐकलं त्यायनं. ते तिकडं कोणाच्या भरोशावर ठेवू?"

मी रिकामी पिशवी घेऊन गाडीत बसलो. आईला काय सांगायचं ते मला इतवारी येईपर्यंत सुचलं नाही.